‘शक्यता’ या शब्दाचं काय करायचं? मोबाइल, मेंदूतली गाठ आणि पुराव्याचा विवेक



आजचा विषय डॉक्टरांचा आहे, भौतिकशास्त्रज्ञांचा आहे. मग तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला इथे कशाला उभं केलं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. शंका रास्त आहे. मी कुणाची तपासणी करणार नाही, गोळ्याही लिहून देणार नाही. ‘मोबाइलमुळे मेंदूत गाठ होते’ आणि ‘मोबाइलमुळे काही म्हणजे काही होत नाही’ ही दोन वाक्यं आपण सहज बोलून जातो. ती कोणत्या पुराव्यावर उभी आहेत आणि तो पुरावा त्यांचं ओझं पेलतो का, एवढंच मला तपासायचं आहे. हे काम मात्र आमच्याच धंद्यातलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. घाबरवणारे आणि निर्धास्त करणारे, दोघेही पुष्कळदा कच्च्या युक्तिवादावर बोलतात. पण म्हणून ‘दोन्ही बाजूंत थोडं थोडं तथ्य आहे’ असं म्हणून चहा प्यायला उठायचं, हाही आळसच. आज उपलब्ध असलेला पुरावा स्पष्टपणे एका बाजूला कललेला आहे. मोबाइलमुळे मेंदूत गाठ होत नाही, त्या बाजूला. तो का कलला आणि तसा कल मान्य करणं तर्काला धरून का आहे, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात २०११ सालापासून करू. त्या वर्षी मे महिन्यात फ्रान्समधल्या ल्यों शहरात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १४ देशांतले ३१ शास्त्रज्ञ बोलावले. ही जागतिक आरोग्य संघटनेची संस्था. मोबाइल ज्या रेडिओ लहरी वापरतो त्यांना या मंडळींनी ‘दोन-ब’ या वर्गात टाकलं. त्या वर्गाचं नाव ‘मानवात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेले’. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली, ती साधारण अशी की मोबाइलनं कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपल्याकडे आजही टॉवरविरोधी निवेदनांत, गृहनिर्माण संस्थांच्या सभांत हाच दाखला दिला जातो.

आता हे वर्ग कशाचे आहेत ते बघा. ते धोक्याच्या आकाराचे वर्ग नाहीत, पुराव्याच्या बळाचे आहेत. पहिल्या वर्गात तंबाखू आहे, सुपारी आहे, दारू आहे आणि सूर्यप्रकाशसुद्धा आहे. याचा अर्थ उन्हात उभं राहणं आणि तंबाखू खाणं सारखंच घातक, असा नाही. या सगळ्यांपासून कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा सारखाच भक्कम आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘दोन-ब’मध्ये कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्क आहे, पूर्व आशियातल्या पारंपरिक पद्धतीनं खारवलेल्या भाज्या आहेत. (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, घरी जाऊन बरणी फेकू नका.) काही अभ्यासांत संशय घेण्यासारखं दिसलं पण योगायोग किंवा अभ्यासातला दोष नाकारता आला नाही, अशा गोष्टी या वर्गात जातात. आणि आणखी एक. ‘बहुधा कर्करोगकारक नाही’ असाही एक चौथा वर्ग त्या काळी होता. शेकडो गोष्टी तपासून झाल्या होत्या आणि त्या वर्गात होता एकच पदार्थ, नायलॉन करायला लागणारा कॅप्रोलॅक्टम. म्हणजे ‘होय’, ‘कदाचित’ आणि ‘सांगता येत नाही’ असं म्हणायची सोय भरपूर, ‘नाही’ म्हणायची जवळजवळ नाही. अशा व्यवस्थेतून आलेल्या ‘शक्य आहे’चं वजन किती धरायचं?

मराठीत आपण ‘शक्य’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. ‘आज पाऊस शक्य आहे’ म्हणताना आभाळ भरून आलेलं असतं. आणि ‘शक्य आहे बुवा’ असं आपण समोरच्याशी वाद नको म्हणूनही म्हणतो. २०११चा निर्णय या दुसऱ्या जातीच्या जवळचा होता, आणि लोकांनी तो पहिल्या जातीचा म्हणून वाचला.

हा निर्णय ज्या पुराव्यावर आला त्यात मोठा वाटा होता ‘इंटरफोन’ या अभ्यासाचा. १३ देशांत झालेला हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्याच पेशींपासून होणारी गाठ. तिचे २,७०८ रुग्ण घेतले. मेनिंजिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची, बहुतेकदा सौम्य गाठ. तिचे २,४०९ रुग्ण घेतले. त्यांच्या जोडीला त्याच वयाची, गाठ नसलेली माणसं घेतली आणि दोन्ही गटांना विचारलं, तुम्ही मोबाइल किती वापरत होता?

निष्कर्ष दोन भागांत आला. आयुष्यभरात एकूण १,६४० तास किंवा जास्त बोलणारा जो सगळ्यात वरचा दहावा हिस्सा, त्याच्यात ग्लायोमाचं गुणोत्तर निघालं १.४०. म्हणजे चाळीस टक्के जास्त. १,६४० तास ही दहा वर्षांत वाटली तर रोजची साधारण सत्तावीस मिनिटं होतात. आज कुणीही एवढं बोलतो. हा आकडा जगभर गाजला.

दुसरा भाग कुणी फारसा सांगत नाही. नियमित मोबाइल वापरणाऱ्या सगळ्यांचं मिळून गुणोत्तर होतं ०.८१. म्हणजे मोबाइल वापरणाऱ्यांत ग्लायोमा एकोणीस टक्क्यांनी *कमी*! दहापैकी नऊ हिश्श्यांत आकडा एकच्या खाली. मग काय म्हणायचं, मोबाइल कर्करोगापासून रक्षण करतो? तसं म्हणायला कुणी पुढे आलं नाही, आणि बरोबरच आहे. पण मित्रहो, न्यायाचा एक साधा नियम आहे. ज्या तराजूनं ०.८१ दिलं त्याच तराजूनं १.४० दिलं. एक वजन नको म्हणून तराजू खोटा ठरवायचा आणि दुसरं हवं म्हणून तोच तराजू खरा मानायचा, हे चालणार नाही.

तराजूत दोष कुठून आला, तेही संशोधकांनी शोधलं. रुग्णांपैकी बरेच जण मुलाखतीला तयार झाले. निरोगी माणसांपैकी मात्र साधारण निम्म्यांनीच होकार दिला, आणि नकार देणाऱ्यांत मोबाइल न वापरणारे जास्त होते. त्यामुळे तुलनेच्या गटात मोबाइलवाल्यांचं प्रमाण फुगलं आणि आकडा खाली गेला. वरच्या टोकाला उलटं झालं असावं. ज्याच्या डोक्यात गाठ निघाली, तो ‘मला का?’ या प्रश्नानं रात्ररात्र जागा असतो. त्याला विचारलं, दहा वर्षांपूर्वी रोज किती वेळ बोलायचात आणि कोणत्या कानाला लावायचात, तर तो आठवतो आणि शोधतो. तो खोटं बोलत नाही. पण दुःख आठवणीला दिशा देतं. सगळ्यात वरच्या गटात काहींनी सांगितलेले रोजचे तास तर विश्वास बसू नये इतके होते.

इथे आपल्या नैयायिकांची आठवण होते. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती पक्की आहे. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे पक्कं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. दोन गोष्टी सोबत दिसल्या की त्यांच्यामध्ये एखादी उपाधी लपली आहे का, हे शोधल्याशिवाय अनुमान करायचं नाही, ही त्यांची शिस्त. आजचे साथरोगतज्ज्ञ वेगळे शब्द वापरतात, पण करतात हेच. इंटरफोनमध्ये ओलं सरपण होतं ते आठवणीचं आणि नकाराचं.

मग पुढचा प्रश्न. आठवणीवर विसंबायचंच नाही अशी सोय करता येईल का? दोन मोठे प्रयत्न सांगतो.

डेन्मार्कमध्ये मोबाइल कंपन्यांच्या ग्राहकनोंदी आणि राष्ट्रीय कर्करोग नोंदणी जोडून ३ लाख ५८ हजारांवर ग्राहकांचा मागोवा घेतला गेला. २०११ साली त्याचा पुढचा अहवाल आला. मेंदूच्या गाठी वाढलेल्या दिसल्या नाहीत. मात्र याच्यावरही टीका झाली आणि ती योग्य होती. कंपन्यांच्या नावानं फोन असलेले ग्राहक, म्हणजे त्या काळी सगळ्यात जास्त बोलणारे लोक, मोबाइलवाल्यांच्या गटातून वगळले गेले आणि न वापरणाऱ्यांत मिसळले. १९९५नंतर फोन घेतलेलेही तिकडेच गेले. तुलनाच पातळ झाली.

दुसरा प्रयत्न ब्रिटनमधला. तिथे लाखो स्त्रियांना गाठ होण्याच्या *आधी* विचारलं, मोबाइल वापरता का, किती? मग वर्षानुवर्षं वाट पाहिली. २०२२ साली ७,७६,१५६ स्त्रियांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मध्यंतरी ३,२६८ जणींना मेंदूची गाठ झाली होती. वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या यांच्यात फरक नाही, रोज वापरणाऱ्यांत नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. याचीही मर्यादा सांगितली पाहिजे. या बायका फार बोलत नव्हत्या. आठवड्याला अर्धा तास किंवा जास्त बोलणाऱ्या त्यात पाचातली एकसुद्धा नव्हती.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक अभ्यासात काहीतरी खोट आहेच, मग निष्कर्ष कशाचा काढायचा? आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडा थांबतो.

‘हानीचा पुरावा सापडला नाही’ यावरून ‘हानी नाही’ असं म्हणता येतं का? घाबरवणारे म्हणतात, कधीच नाही. निर्धास्त करणारे म्हणतात, अर्थातच. आपल्या मीमांसकांनी, विशेषतः भाट्ट परंपरेनं, या प्रश्नावर शतकानुशतकं डोकं लढवलं आहे. ‘अनुपलब्धी’ हे त्यांनी स्वतंत्र प्रमाण मानलं. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे मला कशानं कळतं? घडा दिसत नाही यावरून. पण त्यांनी लगेच एक अट घातली: ती अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे घडा तिथे असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. लख्ख उजेडात, डोळे उघडे असताना दिसला नाही, तर घडा नाही. पिशाच दिसत नाही म्हणून पिशाच नाही, असं मात्र या मार्गानं म्हणता येत नाही, कारण ते दिसण्याजोगंच मानलेलं नाही.

आता हा निकष मोबाइलला लावा. १९९८ साली कुणी म्हटलं असतं की पुरावा सापडला नाही म्हणून धोका नाही, तर ते अंधारात घडा शोधण्यासारखं होतं. वापर नवा, गाठ व्हायला वर्षं लागतात, अभ्यास थोडे. तेव्हाचं निर्धास्तपण अनाठायी होतं.

पण गेल्या पंचवीस वर्षांत उजेड वाढत गेला आहे. विचार करा, मोबाइलमुळे मेंदूची गाठ खरंच दीडपट किंवा दुप्पट होत असती तर काय दिसलं असतं? डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांत कर्करोगाच्या राष्ट्रीय नोंदी अनेक दशकांच्या आहेत आणि तिथे मोबाइल सगळ्यांच्या आधी पसरला. तिथल्या ग्लायोमाच्या आलेखात मोबाइलमागोमाग उसळी दिसायला हवी होती. ती दिसली नाही. अमेरिकेच्या नोंदींतही नाही. स्वीडनमधल्या लेनार्ट हार्डेल यांच्या गटानं धोका बराच जास्त असल्याचं मांडलं होतं. ते खरं मानलं तर अमेरिकेत जितके रुग्ण दिसायला हवे होते, तितके प्रत्यक्षात नव्हते, असं २०१२ साली संशोधकांनी हिशेब करून दाखवलं. मुलांबद्दलची चिंता वेगळी, म्हणून ‘मोबि-किड्स’ हा अभ्यास १० ते २४ वयोगटात १४ देशांत झाला. त्यात आपला भारतही होता. सुमारे ९०० रुग्ण. वापराबरोबर धोका वाढल्याचं दिसलं नाही. आणि २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनंच करून घेतलेला पद्धतशीर आढावा आला. १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास त्यात तपासले. मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. खात्रीची पातळी त्यांनी ‘मध्यम’ अशी दिली, आणि तो शब्द मला प्रामाणिक वाटतो.

या अभ्यासांचे दोष एकाच जातीचे नाहीत, हे लक्षात घ्या. एकाचा दोष आठवणीचा, दुसऱ्याचा गट पाडण्याचा, तिसऱ्याचा कमी वापराचा, चौथ्याकडे व्यक्तीची माहितीच नाही, फक्त देशाचा आलेख. वेगवेगळ्या खिडक्यांतून, वेगवेगळ्या मळक्या काचांतून पाहणाऱ्या माणसांना अंगणात घडा दिसत नसेल, तर काचेचा दोष पुढे करून फार काळ भागत नाही. मोठा घडा तिथे नाही, असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार पोचतो. अगदी मुंगीएवढा घडा असेल का? पंचवीस-तीस वर्षं रोज तासन्‌तास फोन कानाला लावणाऱ्यांच्या बाबतीत उजेड थोडा कमी आहे, एवढं म्हणावं. त्यापलीकडे नाही.

आता निर्धास्त करणाऱ्यांची झाडाझडती घेऊ, नाहीतर पक्षपात होईल. त्यांचा आवडता युक्तिवाद भौतिकशास्त्राचा. मोबाइलच्या लहरीच्या एका कणाची, फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या काही दशलक्षांशांएवढी असते. अणूतला इलेक्ट्रॉन उडवायला साधारण दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. लाखो पटींचं अंतर आहे. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनमध्येही याहून लाखो पट ऊर्जा असते. हे सगळं खरं, आणि ‘रेडिएशन’ या एकाच शब्दाखाली क्ष-किरण आणि मोबाइल एकत्र बांधणाऱ्यांना ऐकवलंच पाहिजे. पण यावरून ‘म्हणून कर्करोग अशक्य’ इतकी उडी मारता येत नाही. ॲस्बेस्टॉस कुठे इलेक्ट्रॉन उडवतं? तरी त्यानं कर्करोग होतो. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी पटकी पाण्यातून पसरते हे दाखवलं, तेव्हा पटकीचा जंतू वैद्यकानं स्वीकारलेलाही नव्हता. कारण आधी कळतं, यंत्रणा मागाहून, असं शास्त्राच्या इतिहासात पुष्कळदा झालं आहे. भौतिकशास्त्र आपल्याला सांगतं की फार मोठी अपेक्षा ठेवू नका. निकाल मात्र माणसांच्या नोंदींनीच द्यायचा असतो, आणि तो त्यांनी दिला आहे.

उंदरांचाही उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानं २०१८ साली अंतिम अहवाल दिला. उंदीर दिवसाला नऊ तास, दोन वर्षं, सर्वांगावर लहरी घेत होते. सगळ्यात कमी मात्रासुद्धा फोन वापरणाऱ्याच्या एखाद्या अवयवाला कायद्यानं चालणाऱ्या कमाल पातळीएवढी होती. नरांच्या हृदयात एका प्रकारच्या गाठी वाढल्या. हा निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याच अहवालात असंही आहे की लहरी घेतलेले नर उंदीर न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले. पहिलं वाक्य सांगणाऱ्यानं दुसरंही सांगायला हवं.

आणि पैशाचा प्रश्न. इंटरफोनच्या निधीचा काही भाग उद्योगाकडून आला होता, म्हणून संशय घेतला जातो. संशयाला इतिहासाचा आधार आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन ‘सिद्ध झालेलं नाही’ असं लोकांना सांगितलं होतं. पण हितसंबंध हे तपासणी कडक करण्याचं कारण आहे, निष्कर्ष खोटा ठरवण्याचं नव्हे. उलट तंबाखूशीच तुलना करा. तिथे धोका कित्येक पटींचा होता, जितकं जास्त ओढणं तितका जास्त होता, आणि जो कुणी पाहील त्याला दिसत होता. कंपन्यांना तो लपवता आला नाही.

एवढा सगळा खल कशासाठी? भीतीची किंमत कुणीतरी मोजतं म्हणून. मेंदूची गाठ निघालेल्या पंचविशीतल्या मुलाच्या घरी नातेवाईक भेटायला येतात आणि आईसमोर म्हणतात, ‘वहिनी, सारखा फोनवर असायचा ना तो.’ त्या माऊलीच्या डोक्यावर आपण काय ठेवलं? ग्लायोमा का होतो हे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत वैद्यकाला सांगता येत नाही. तिथे खोटं कारण देणं म्हणजे दुःखावर अपराध चढवणं. पुरावा नसताना असं बोलणं हा माझ्या मते नैतिक दोष आहे.

दुसरी किंमत लक्ष विचलित होण्याची. टॉवर हटवा म्हणून सभा घेणारी, तावातावानं बोलणारी माणसं सभा संपल्यावर खाली येऊन तोंडात गुटखा टाकतात. महाराष्ट्रात २०१२ पासून त्याच्यावर बंदी आहे, आणि कोणत्या टपरीवर मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. तंबाखू आणि सुपारी पहिल्या वर्गात आहेत, आणि त्यांचा धोका आकारानंही प्रचंड आहे. आणि टॉवर लांब गेला की काय होतं? लांबच्या टॉवरपर्यंत पोचायला आपल्या कानाजवळचा फोन जास्त जोर लावतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं ग्वाल्हेरमधला एक टॉवर एका कर्करुग्णाच्या अर्जावर बंद करायला सांगितला, त्याचाही दाखला दिला जातो. न्यायालय समोरच्या माणसाला दिलासा द्यायचा का हे ठरवतं. लहरींनी कर्करोग होतो का, हा प्रश्न आदेशानं सुटत नाही.

मग सावधगिरी बाळगायचीच नाही का? जरूर बाळगा, जी स्वस्त आहे ती. फार वेळ बोलायचं असेल तर इयरफोन किंवा स्पीकर वापरा. रेंज नसेल तिथे लांबण लावू नका. भारतात फोनची मर्यादा २०१२ पासून एक ग्रॅम ऊतीमागे मोजून किलोला १.६ वॅट इतकी कडक आहे. पण ‘रेडिएशन शोषून घेणारे’ म्हणून फोनमागे चिकटवायचे स्टिकर विकत घेऊ नका, तो भीतीवर चालणारा धंदा आहे. आणि हेल्मेटमध्ये फोन खुपसून, मान वाकडी करून दुचाकी चालवणाऱ्या आपल्या मुलाला थांबवा. मोबाइलनं माणूस मरतो याचा निर्विवाद पुरावा तिथे, रस्त्यावर आहे. त्याला कोणत्याही समितीची गरज नाही.

तर, ‘शक्य आहे’ असं कुणी म्हटलं की दोन प्रश्न विचारा. कशावरून शक्य? आणि ते खरं असतं तर आतापर्यंत काय दिसायला हवं होतं? दुसरा प्रश्न विचारायची सवय लागली तर मोबाइलच काय, उद्या येणाऱ्या कोणत्याही नव्या यंत्राबद्दल आपल्याला शांतपणे बोलता येईल.

प्रश्न असतील तर चिठ्ठ्या पुढे पाठवा.